सण पाळावा, सक्ती टाळावी

बायबलमधले सण एका जागी वाचायचे असतील तर जुन्या करारातल्या ‘लेवीय’ पुस्तकाचा तेविसावा अध्याय उघडावा. वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण, पहिल्या पेंढीचे अर्पण, सप्तकांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मंडपांचा सण, अशी ही नावे. येशू ख्रिस्त यहुदी घरात वाढले आणि त्यांनी हे सण पाळले. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार त्यांचे शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते. पुढे इ. स. ३२५च्या निकियाच्या धर्मसभेने ईस्टरची तारीख यहुदी पंचांगापासून वेगळी केली आणि दोन घरांचे सण दुरावले.

आता जगात काही ख्रिस्ती मंडळ्यांना हे सण पुन्हा पाळावेसे वाटते. पण मंडळीतल्या साध्या माणसाला त्यात गोडी कशी लागावी? याचा धडा आपल्या कोकणातच आहे.

तिथल्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे गलबत फुटून त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. पण सण राहिले, तेही मराठी नावांनी. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’. घराची दारे लावून दिवसभर उपवास करायचा तो ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाची आठवण म्हणजे ‘बिरड्याचा सण’. शिवाय ‘खिरीचा सण’ आहेच. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासात हे सारे नोंदवले आहे. एलूल महिन्यातल्या उपवासांना हे लोक चक्क ‘रमजान’ म्हणत. शब्द शेजाऱ्याचा, उपवास आपला! ग्रंथ नसताना ही आठवण चुलीपाशी टिकली.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की सण घरात न्यावा. वल्हांडणाची आज्ञाच मुळी घरासाठी आहे. पुढे मुले विचारतील, ‘याचा अर्थ काय?’ तेव्हा त्यांना मिसर देशातल्या गुलामगिरीतून झालेली सुटका सांगा, असे ‘निर्गम’ पुस्तक सांगते. आपल्या खानदेशात कानबाईच्या रोटाला पुण्या-मुंबईचे भाऊबंदही गावी येतात. त्यांना कोणी व्याख्यान देऊन बोलावत नाही. पाळकांनी तासभर बोलण्यापेक्षा घरातल्या धाकट्याने एक प्रश्न विचारावा, आजीने उत्तर द्यावे. ते अधिक टिकते.

दुसरी गोष्ट, ओळखीच्या सणापासून सुरुवात करावी. सप्तकांचा सण गहू कापणीचा. प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला तो पेन्टेकॉस्टचा दिवस हाच. अनेक मंडळ्यांत उपकारस्तुतीला शेतकरी धान्य आणि भाजीपाला देवापुढे ठेवतात. ज्वारी-गहू पिकवणाऱ्या माणसाला पहिल्या पेंढीचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सक्ती नको. सणावरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये, असे संत पौलाने कलस्सैकरांना लिहिले आहे. जो पाळेल तो मोठा आणि जो पाळणार नाही तो कमी, असे झाले की सणाने मंडळी फुटते.

आणि ज्यांचा हा सण आहे त्यांना विसरू नये. युरोपात वल्हांडण-ईस्टरच्या दिवसांतच यहुद्यांवर खोटे आळ घेतले जात. १९०३ साली किशिनेव्ह शहरात ईस्टरच्या दिवशीच त्यांची कत्तल सुरू झाली. म्हणून वल्हांडण हा वेषभूषेचा कार्यक्रम करू नये. यहुदी माणसाला विचारावे, त्याच्याकडून शिकावे. आपल्याकडे अशी देवघेव झालेली आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, त्याचा उपयोग बेने इस्राएलांना झाला. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची पोथी, म्हणजे ‘हगादा’, मराठी भाषांतरासह निघाली. आज ख्रिस्ती मंडळीने ती पोथी वाचायला मागितली तर एक वर्तुळ पुरे होईल.

आम्हा मुसलमानांतही मोहरमच्या दहाव्या दिवशी रोजा ठेवण्याची चाल आहे. हदीसनुसार त्यात मुसा पैगंबर आणि त्यांच्या लोकांच्या सुटकेची आठवण आहे. सुटकेचा आनंद एकाच घरात मावत नाही. फक्त दुसऱ्याच्या घरी जाताना दार वाजवून, चपला बाहेर काढून जावे.