ऊस रात्र मोजतो

दिवाळीनंतर कराडहून इस्लामपूरकडे निघालात, की दोन्ही अंगांना उसावर रुपेरी तुरे डुलताना दिसतात. बघणाऱ्याला मौज, मालकाला घोर. तुरा आला की वाढ थांबते, मग पांगशा फुटतात, कांडी पोकळ पडत जाते. पण तुऱ्याचा निर्णय झालेला असतो ऑगस्टच्या शेवटाकडे, ऊस नुसता हिरवागार दिसत असताना!

सांगली-साताऱ्याकडे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम 2 तासांचा फरक. तरीही दिवस साडेबारा तासांच्या आसपास उतरला, हे पानाला कळतं. पान मोजतं ते खरं तर रात्रीचा सलग अंधार. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य त्याची खूण ठेवतं, पानातून शेंड्याला निरोप जातो आणि पानं काढणारा शेंडा फूल घडवू लागतो. मध्यरात्री थोडा वेळ दिवे लावले, तर मोजणी मोडते आणि तुरा अडतो.

त्याच उसात मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरणारा माणूस उभा असतो, कारण या आठवड्यात पंपाची लाईट रात्रीची आहे. घड्याळ त्याच्यातही आहे. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे 20,000 पेशींचा पुंजका. एकटं सोडलं तर या घड्याळाचा दिवस 24 तासांहून किंचित लांब भरतो. उजेड, विशेषतः सकाळचा, ते रोज जुळवून देतो. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यावर वेगळ्याच पेशी आहेत. त्यांतलं मेलॅनॉप्सिन निळसर उजेड टिपतं. दृष्टी गेलेल्या काही माणसांतही या पेशी शाबूत असतात आणि न दिसणारा सूर्य त्यांचं घड्याळ लावत राहतो. मला तर हे उसाच्या तुऱ्याहूनही अद्भुत वाटतं.

हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, ते उलगडणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं.

दारं धरणाऱ्याचे मात्र हाल होतात. पहाटे तीन-चारला शरीर सर्वांत गार, लक्ष सर्वांत मंद, आणि नेमका तेव्हाच पाय चिखलात. दिवसा झोप लागते ती तुटक. घड्याळ सरकतं दिवसाला साधारण तासाभरानं. ते रात्रीला जुळेपर्यंत आठवडा संपतो आणि लाईट पुन्हा दिवसाची होते.

दिवसा वीज मागताना आपण साप, थंडी, बिबट्या ही कारणं देतो. यापुढे त्यांत शरीराचं घड्याळही घाला.