नदीला न जमणारी झिलई

नर्मदेतला गोटा हाताला गुळगुळीत लागतो, पण त्यात प्रतिबिंब दिसत नाही. गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या वाळवंटांत पडलेल्या गारगोट्यांचेही तसेच. पाण्यातून उचलल्या की त्यांचे लाल, पिवळे, दुधी रंग झळकतात आणि वाळल्या की पुन्हा पांढुरक्या, मंद दिसू लागतात. वाहत्या पाण्यात युगानुयुगे घासूनही त्यांना जी झिलई येत नाही, ती टेबलावर मावणारे एक लहान यंत्र महिनाभरात आणते. या यंत्राला टम्बलर म्हणतात. ही घरात आणलेली, वेग वाढवलेली नदीच आहे, असा एक समज आहे आणि नवशिक्याची पहिली खेप बहुधा त्या समजापायीच बिघडते. नुसते फिरल्याने दगड गोल होतो, चमकत नाही. चमक येते ती वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींपासून कसोशीने अलग ठेवल्याने. फिरवण्याचे काम मोटर करते. अलग ठेवण्याचे काम माणसाचे असते आणि या छंदातली सगळी कारागिरी तिथेच आहे.

यंत्र दिसायला अगदी साधे असते. दोन आडवे रूळ, त्यांतला एक फिरवणारी छोटी मोटर आणि रुळांवर आडवे ठेवलेले, घट्ट झाकणाचे रबरी पिंप. छंदासाठीच्या सर्वांत लहान पिंपात दगड, पाणी आणि भुकटी मिळून दीड किलोच्या आत माल मावतो. पिंप दोन तृतीयांश ते पाऊण भरायचे, पाणी वरच्या थरातल्या दगडांच्या जरा खाली राहील इतकेच घालायचे. हे प्रमाण महत्त्वाचे आहे, कारण दगड पिंपाच्या भिंतीलगत वर चढून एकमेकांवरून घसरत खाली यावेत, ही यातली मुख्य युक्ती आहे. पिंप अर्धेच भरले तर दगड घसरण्याऐवजी आदळतात आणि त्यांचे टवके उडतात. काठोकाठ भरले तर ते जागचे हलत नाहीत. मोठ्या दगडांबरोबर बोटाच्या पेरापेक्षाही लहान खडे घालावे लागतात. तेच भुकटीला मोठ्या दगडांच्या खळग्यांपर्यंत नेतात. पुरेसे खडे नसतील तर चिनीमातीचे तयार गोळे भरीला चालतात.

झिजवण्याचे काम सिलिकॉन कार्बाइडची भुकटी करते. एडवर्ड अॅचेसन या अमेरिकन संशोधकाने विजेच्या भट्टीत हा पदार्थ तयार करण्याच्या कृतीचे पेटंट 1893 साली घेतले आणि बाजारात तो कार्बोरंडम या नावाने रुळला. मोह्सच्या काठिण्यमापनावर गारगोटी 7, तर सिलिकॉन कार्बाइड 9 च्याही वर आहे. पहिल्या टप्प्यात 60/90 क्रमांकाची भुकटी लागते. तिचा सर्वांत जाडा कण साधारण पाव मिलिमीटरचा असतो. त्यानंतर 120/220, मग 500 आणि शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिश पावडर. क्रमांक वाढतो तसा कण बारीक होतो. लहान पिंपात एका टप्प्याला साधारण चार मोठे चमचे भुकटी पुरते. प्रत्येक टप्पा सुमारे आठवडाभर चालतो आणि तेवढा वेळ यंत्र रात्रंदिवस सुरू असते.

आता या भुकट्या नेमके काय करतात ते पाहू. जाडी भुकटी दगडाला चकाकी देत नाही, ती त्याला ओरखडते. दुसरी भुकटी पहिलीचे ओरखडे पुसून स्वतःचे अधिक बारीक ओरखडे उमटवते, तिसरी दुसरीचे पुसते. असे होता होता ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाहून, लहान झाले की पृष्ठभागावरून प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ परततो. यालाच आपण चमक म्हणतो. नदी कुठे कमी पडते तेही यातून कळते. तिच्या पात्रात गाळ, बारीक वाळू, जाडी वाळू आणि गोटे एकाच वेळी वाहत असतात. बारीक गाळाने जे मिळवले ते जाडी वाळू पुढच्याच क्षणी पुसून टाकते. नदीला आणखी लाख वर्षे दिली तरी यात फरक पडणार नाही, कारण उणीव वेळेची नाही, निवड करण्याची आहे. ओला गोटा चमकतो तो पाण्याने ओरखडे तात्पुरते भरल्यामुळे.

अलग ठेवण्याची सुरुवात यंत्र सुरू होण्याआधी, दगड निवडताना होते. महाराष्ट्रातल्या नवशिक्याचे या बाबतीत नशीब चांगले आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे झिरपत्या पाण्यातली सिलिका साचून अकीक, कॅल्सेडनी, स्फटिक तयार झाले. काळा कातळ झिजला तरी हे कठीण दगड उरले आणि नद्यांच्या गोट्यांत आले. कॅल्सेडनी आणि जास्पर यांच्यासारखे दगड पहिल्या खेपेला सर्वांत योग्य. त्यांतले स्फटिककण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके सूक्ष्म असतात आणि ते ठरावीक पातळीवर दुभंगत नाहीत, म्हणून सगळ्या बाजूंनी सारखे झिजतात. याउलट त्याच पोकळ्यांत सापडणारी झिओलाइट कुळातली खनिजे आणि त्यांच्या सोबतचे अपोफिलाइट पिंपात कधीही घालू नयेत. स्टिल्बाइटचे काठिण्य 4 च्या आतबाहेर, अपोफिलाइटचे 5 च्या आत, आणि दोन्ही सहज दुभंगतात. कॅल्साइट तर 3 च. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या खनिजांचे जे नमुने मांडले आहेत ते पाहिले की त्यांचे सौंदर्य निसर्गाने दिलेल्या कडा आणि पृष्ठांत आहे हे पटते. पिंप नेमके तेच नष्ट करते. राहिला आपल्या डोंगरांचा काळा दगड. बेसॉल्टमधली खनिजे कमी-अधिक कठीण असतात, शिवाय त्यात बारीक छिद्रे असतात, त्यामुळे तो गोल होतो पण त्यावर काचेसारखी झिलई सहसा चढत नाही. कठीण आणि मऊ दगड एकत्र घातले तर कठीण दगड स्वतः चमकण्याआधी मऊ दगडांचा राडा करून टाकतात. म्हणून एका खेपेत एकाच काठिण्याचे दगड घ्यावेत. भेगा आणि खोल खळगे असलेले दगड बाजूला काढावेत, कारण पहिल्या टप्प्याची भुकटी त्यांत लपून पुढच्या टप्प्यांत शिरते.

दुसरे अलग ठेवणे टप्प्याटप्प्यांच्या मधल्या धुण्याचे, आणि पहिली खेप वाचते किंवा बुडते ती इथेच. आठवड्यानंतर पिंप उघडले की आत राखाडी, दाट राडा असतो. दगड, पिंप, झाकण, झाकणाची खाच, सगळे ब्रशने घासून भरपूर पाण्यात धुवावे लागते. शेवटच्या टप्प्यात 60 क्रमांकाचे चार कण जरी गेले तरी ते महिनाभराच्या मेहनतीवर चरे ओढतात. पुरणात राहिलेला एक खडा सगळा घास बिघडवतो, तसेच हे. पॉलिशसाठी वेगळे पिंप ठेवण्याची जाणकारांची पद्धत याच कारणाने पडली. हा राडा मोरीत किंवा बेसिनमध्ये कधीही ओतू नये. तो नळीत बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी झाडांच्या कडेला टाकावे आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. काही दगडांमुळे पिंपात वायू साचून झाकण फुगते. पहिले काही दिवस रोज एकदा झाकण उघडून वायू जाऊ द्यावा.

तिसरी गोष्ट पारखण्याची. चार टप्पे, चार आठवडे हे वेळापत्रक सोयीचे आहे, पण दगड ते पाळत नाही. पहिल्या आठवड्याअखेर दगड काढून पुसून, पूर्ण वाळवून उन्हात पाहावेत. ओल्या दगडावरून ठरवले तर फसगत ठरलेली, कारण ओला असताना प्रत्येक दगड पूर्ण झाल्यासारखा दिसतो. कोरड्या दगडावर मूळ खडबडीत साल, खळगा किंवा टोक उरले असेल तर त्याला पुन्हा 60/90 च्या ताज्या भुकटीतच घालावे, मग दोन आठवडे लागोत की चार. जुनी भुकटी पुन्हा वापरू नये. काम करता करता तिचे कण फुटून बारीक झालेले असतात. दगडाचे सर्वाधिक वजन आणि सगळा आकार याच टप्प्यात घटतो. पुढचे टप्पे फक्त ओरखडे लहान करतात, खळगे भरून काढत नाहीत. पहिल्या टप्प्यात घाई केली की चौथ्यात हाती येतो तो चमकणारा पण खडबडीत दगड. निम्मे दगड मागे ठेवून निम्मेच पुढे नेणे पहिल्या वेळी जड जाते, पण चांगली खेप अशीच निघते.

यावर आक्षेप येतो की इतके सारे यंत्रच करत असेल तर याला कला कशी म्हणायची? खरी कला खंबायतच्या अकीक कारागिरांची. त्या कारागिरीचा मान मोठा आहे यात शंका नाही. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूर परिसरातला अकीक तापवून लाल करायचा, लोखंडी टोकावर टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके काढत मणी घडवायचा, मग घासायचा, भोक पाडायचे. पण शेवटची झिलई पारंपरिक पद्धतीत कशी येई? मणी आणि अकीकाची बारीक भुकटी पाण्यासह कातडी पिशवीत भरून दोन माणसे ती एकमेकांकडे दिवसेंदिवस लोळवत. म्हणजे पिंप फिरवण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही आणि तिथेही झिलईची भुकटी घडवण्या-घासण्याच्या कामापासून वेगळी होती. आज खंबायतमध्येही मोटरवरची पिंपे फिरतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून ओनिक्स जातीचा दगड गाड्यांतून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. त्याच गोदाकाठचे दगड आपण आज पिंपात घालतो. कारागिराचा हात मण्याला आकार देतो, टम्बलरला तो देता येत नाही. तो दगडाचाच आकार मऊ करतो. दोन्ही कामांत डोळा मात्र सारखाच तयार लागतो.

खंबायतचे नाव घेतल्यावर तिथल्या सिलिकोसिसबद्दल बोलायलाच हवे. अकीक कोरडा घासताना उडणारी सिलिकेची धूळ फुप्फुसात जाऊन तिथल्या कामगारांचे आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांचेही बळी घेत आली आहे. हा आजार बरा होत नाही. टम्बलरमध्ये काम पाण्यात चालते म्हणून घरच्या माणसाला तो धोका फारसा नाही. तरी वाळलेला राडा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा, आणि दगड कोरडे फोडू किंवा घासू नयेत. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या चमकत्या दगडामागे कुणाचा श्वास गेला असेल, हा विचार प्रत्येक ग्राहकाने करावा असे मला मनापासून वाटते.

विजेचा आक्षेपही असतो. 25 वॉटची मोटर महिनाभर अखंड चालली तर 18 युनिट लागतात. मूठभर दगडांसाठी हे जास्त आहे का, हे ज्याने त्याने ठरवावे. आवाज मात्र खरोखर होतो, म्हणून यंत्र झोपायच्या खोलीत ठेवू नये. आणि तयार चमकते दगड विकत मिळत असताना हा खटाटोप का, असे विचारणाऱ्याला उत्तर एवढेच की विकतच्या दगडातून चमक मिळते, दगड ओळखता येऊ लागत नाही. एक खेप धीराने पार पाडलेला माणूस नदीकाठी गेला की कॅल्सेडनी, जास्पर, कॅल्साइट आणि कातळ यांतला फरक हातात धरून सांगू लागतो.

पहिल्या खेपेसाठी दगड गोळा करायला निघालेल्यांना एक कळकळीची विनंती. नेवासे, इनामगाव, दायमाबाद या परिसरांत अश्मयुगीन आणि ताम्रपाषाणयुगीन माणसांची वस्ती होती आणि त्यांतल्या अनेकांनी याच कॅल्सेडनीपासून बारीक पाती काढली. गोट्यांत पातळ, लांबट, दोन्ही कडा जवळपास समांतर असलेला तुकडा दिसला तर तो पिशवीत टाकू नका. तो आहे तिथेच राहू द्या, जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. पिंपात एक आठवडा फिरल्यावर त्या पात्यावरची माणसाच्या हाताची खूण कायमची निघून जाते.