उत्तराआधीचा अंदाज

पाठ आधी शिकवायचा आणि प्रश्न नंतर विचारायचे, ही शाळांची रूढ रीत असल्यामुळे न वाचलेल्या पाठावर विद्यार्थ्याला प्रश्न विचारणे अनेकांना अन्यायाचे वाटते. परंतु पूर्वप्रश्न म्हणता येतील अशा या प्रश्नांचा अभ्यास गेल्या काही दशकांत सातत्याने झाला असून, उत्तर येत नसतानाही ते शोधण्याचा प्रयत्न केल्याने पुढचे वाचन अधिक पक्के होते, असे त्यातून दिसून आले आहे. रिचलंड, कॉर्नेल आणि काओ या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना दृष्टीविषयीचा उतारा वाचण्यासाठी जादा वेळ दिला, तर काहींना तोच वेळ वाचनापूर्वी प्रश्नांशी झगडण्यासाठी दिला. नंतरच्या चाचणीत, ज्या प्रश्नांची उत्तरे आधी चुकली होती तीसुद्धा या दुसऱ्या गटाला अधिक चांगली आठवली.

याचे एक कारण असे की प्रश्न पडताच मन त्या विषयाची जुनी माहिती चाळू लागते, आणि वाचताना खरे उत्तर समोर आले की आपला अंदाज व ते उत्तर यांतला फरक ठळकपणे जाणवतो. मात्र या लाभाला एक मर्यादा आहे आणि ती शिक्षकांनी ओळखणे फार महत्त्वाचे आहे. अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी १९६६ साली दाखवले की वाचनाआधी दिलेल्या प्रश्नांमुळे मुख्यतः त्याच प्रश्नांची उत्तरे लक्षात राहतात, तर मजकुराचा भाग वाचून झाल्यावर विचारलेले प्रश्न न विचारलेल्या मजकुराचेही स्मरण सुधारतात.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या एखाद्या वर्गात मांजरा नदीवरचा उतारा वाचायचा आहे, असे समजू. ‘मांजरा नदी कोठे उगम पावते?’ एवढाच प्रश्न आधी विचारला, तर विद्यार्थी ‘बालाघाटच्या डोंगररांगांत’ हे शब्द शोधून तेथेच थांबतील आणि याच तालुक्यात धनेगावला या नदीवर धरण आहे, हे वाक्य नजरेखालून तसेच निसटेल. याउलट, ‘आपल्या तालुक्यात धरण असताना २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी का न्यावे लागले असेल?’ असे विचारून प्रत्येकाला एक ओळ वहीत लिहायला लावली, तर पाऊस, धरणाचा साठा, ऊस आणि शहराची तहान या साऱ्या गोष्टींकडे लक्ष द्यावेच लागते. कारण त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात दडलेले नसते. प्रश्नाची रुंदी जेवढी, वाचनाची रुंदी तेवढी.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीच्या विज्ञान व परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत ‘सांगा पाहू’, ‘थोडे आठवा’ अशा चौकटी असतात आणि त्यांतल्या कित्येक मजकुराच्या आधीच येतात. पण अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत या चौकटी ओलांडून थेट स्वाध्यायाची उत्तरे लिहून दिली जातात, किंवा विद्यार्थी गाईडमधून ती उतरवून काढतात, तेव्हा प्रश्न असतो, उत्तरही असते, परंतु त्या दोहोंमधला प्रयत्नच नाहीसा होतो आणि लाभ तर त्या प्रयत्नाचाच असतो. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करणे आणि पूर्वप्रश्न सोडवू पाहणे या दोन गोष्टींची गल्लत म्हणूनच करू नये.

ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर स्थलांतर करून काही महिन्यांनी वर्गात परतणाऱ्या बीडमधील मुलांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक नाजूक ठरतो, कारण आधीचे पाठ हुकलेल्या मुलाला असा प्रश्न परीक्षेसारखा वाटला तर ते अंदाज बांधण्याऐवजी गप्पच बसेल. अशा प्रश्नांना गुण ठेवू नयेत, उत्तराची तपासणी वाचनानंतर मुलांनीच पुस्तकाशी ताडून करावी, आणि चुकीचा अंदाज वहीत खोडून न टाकता त्याच्या खाली बरोबर उत्तर लिहू द्यावे. यासाठी वेगळे साहित्य किंवा खर्च लागत नाही. शिक्षकांनी तासाची पहिली पाच मिनिटे यासाठी राखून ठेवावीत.