उसवण्याचं कसब

माळ्यावरच्या पेटाऱ्यात पणजोबांच्या काळातलं एखादं लष्करी निशाण सापडलं, की घरची माणसं दोन गोष्टी विचारतात: हे खरं आहे का, आणि हे पुन्हा नीट करून मिळेल का. निशाणं तपासणाऱ्या आणि जपणाऱ्या माणसांचं काम या दोन प्रश्नांपासून सुरू होतं खरं, पण त्यांच्या बोटाला धरून पुढे जात नाही. 'खरं' म्हणजे नेमकं काय खरं, हे आधी ठरवावं लागतं. आणि 'नीट करणं' हेच निशाणाच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ निघतं. या कामातलं मोठं कसब शिवण्यात नसून उसवण्यात आहे, असं माझं मत आहे. त्याला आधार म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयातलं एक निशाण पुरेसं आहे. १८१४ साली इंग्रजांशी झालेल्या लढाईत बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर फडकलेलं हे निशाण तिथला किल्लेदार मेजर जॉर्ज आर्मिस्टेड याच्या घरात आलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते घरातच ठेवलं. त्याच्यावरून सुचलेल्या कवितेचं १९३१ साली अमेरिकेचं राष्ट्रगीत झालं, म्हणून जग त्याला ओळखतं. इथे मात्र त्याच्या संदर्भातला एकच आकडा पुन्हा पुन्हा येणार आहे: १७ लाख टाके.

ओळख पटवण्याची सुरुवात कागदापासून होते. या निशाणाच्या बाबतीत नशीब थोर, कारण पावती टिकली. १८१३ सालच्या या पावतीवर दोन निशाणांचा हिशोब आहे. ३० बाय ४२ फुटांच्या मोठ्या निशाणाचे ४०५ डॉलर ९० सेंट आणि १७ बाय २५ फुटांच्या, वादळी हवेत लावायच्या लहान निशाणाचे १६८ डॉलर ५४ सेंट, बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल या निशाणं शिवणाऱ्या बाईला मिळाले. पण कागद खरा असला तरी समोरचं कापड तेच, हे कापडानंच सांगावं लागतं. इथे ते सांगतं. पट्टे इंग्लंडमधून आलेल्या विरळ विणीच्या लोकरी कापडाचे आहेत. गंमत पाहा, लढाई इंग्रजांशी आणि निशाणाचं कापड इंग्रजांचं. पट्टा दोन फूट रुंद, कापडाचा पन्हा त्याहून कमी, त्यामुळे एकेक पट्टा जोड देऊन केलेला आहे. चांदण्या सुती आहेत आणि त्यांची शिवण मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. चांदणी निळ्या कापडाच्या एका बाजूला शिवायची, मग उलट्या बाजूनं तिच्यावरचं निळं कापड कापून काढायचं आणि कापलेली कड आत दुमडून शिवून टाकायची. एकच चांदणी दोन्ही बाजूंनी दिसते, कापड वाचतं आणि वजनही वाढत नाही. हे सगळं हातशिवणीचं. पिकर्सगिलबाईंची मुलगी, पुतण्या-भाच्या आणि ग्रेस विशर ही करारानं बांधलेली १३ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी यांचे हात त्यात होते. घरात जागा पुरेना, म्हणून निशाण जवळच्या एका मद्यभट्टीच्या फरशीवर अंथरून जोडावं लागलं. कागदावरची मापं, कापडाचा पोत आणि शिवणीची रीत यांचा असा मेळ बसला, की 'खरं' हा शब्द वापरायला हरकत नाही.

पण नेमकं काय खरं? घराण्याच्या आणि लोकांच्या आठवणीत हे निशाण रात्रभर तोफगोळे झेलत उभं होतं. इंग्रजांचा भडिमार १३ सप्टेंबरच्या सकाळी सुरू झाला आणि २५ तास चालला. रात्री पाऊस होता. लोकरीचं एवढं धूड भिजलं तर काठी मोडेल, म्हणून रात्री वर होतं ते बहुधा लहान निशाण, आणि मोठं चढलं १४ तारखेच्या सकाळी. त्या लहान निशाणाचा पुढे मागमूस लागत नाही. मोठ्याला भोकं पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत मोठं नुकसान शत्रूनं केलेलं नाही. ते घरच्यांनी केलं. निशाण मुळात ४२ फूट लांब होतं, आज ३४ फूट आहे. वाऱ्यानं फाटणाऱ्या टोकाकडची ८ फुटांची पट्टी, म्हणजे २० बाय १२च्या खोलीएवढं कापड, गेलं. बरंचसं तुकड्या-तुकड्यांनी वाटलं गेलं. आर्मिस्टेडच्या विधवेनं आणि मग मुलीनं, जॉर्जियानानं, जुन्या सैनिकांना, ओळखीच्यांना, प्रतिष्ठितांना आठवण म्हणून कात्रणं दिली. १५ चांदण्यांपैकी एक अख्खी कापून दिली. कुणा मोठ्या अधिकारी माणसाला ती दिली, एवढंच जॉर्जियाना लिहून गेली. मागणारे इतके होते, की सगळ्यांचं ऐकलं असतं तर दाखवायला काही उरलं नसतं, अशीही तिची तक्रार होती. तपासणीनं कथा खोटी पाडली असं यावर कुणी म्हणेल. माझ्या मते उलट झालं. गोळ्यांच्या भोकांची कथा कुठल्याही किल्ल्यावरच्या निशाणाला चिकटवता आली असती; कात्रीच्या खुणा याच घरच्या आहेत.

जिथे पावती नसते, आणि बहुतेक घरांत ती नसतेच, तिथे तपासनीस धाग्यापाशी जातो. शिलाई यंत्राला अमेरिकेत १८४६ साली पेटंट मिळालं, तेव्हा त्याआधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या निशाणावर यंत्राचा टाका दिसला, की निदान ती शिवण तरी नंतरची. कोळशाच्या डांबरापासून केलेला पहिला कृत्रिम रंग १८५६ सालचा, त्यामुळे रंगाचं रसायन तपासूनही काळाची एक हद्द आखता येते. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरली जाणारी चमकद्रव्यं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे आली, आणि अतिनील दिव्याखाली ती निळसर उजळतात. पण इथेच घाई नडते. शिवण नंतरची असेल आणि कापड आधीचं. कापड उजळलं तर ते नकली असेल, किंवा कुणा काळजीवाहू सुनेनं ते दिवाळीच्या साफसफाईत डिटर्जंटच्या पाण्यातून काढलं असेल. प्रत्येक खूण एवढंच सांगते, की इथे अमुक काळी एक हात लागला. तपासणी म्हणजे त्या हातांचा क्रम लावणं. कापड क्वचितच खोटं बोलतं, आणि घरची माणसंही खोटं बोलत नसतात. पण माया दर पिढीला कथेला एक ठिगळ लावते.

आता त्या १७ लाखांकडे. १९०७ साली जॉर्जियानाचा मुलगा एबेन ॲपलटन यानं निशाण स्मिथसोनियनला आधी उसनं दिलं आणि १९१२ साली कायमचं दिलं. १८७३ साली बोस्टनच्या नौदल गोदीत फोटो काढण्यासाठी त्याला मागून शिडाचं जाड कापड लावलं होतं. १९१४ साली अमेलिया फाउलर या निशाणं दुरुस्त करणाऱ्या बाईनं ते काढलं, लिननचं नवं अस्तर घातलं आणि १० कारागीर बायकांना घेऊन ८ आठवड्यांत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीदार टाक्यानं, पूर्ण निशाण त्या अस्तरावर बांधून टाकलं. खर्च एकूण १,२४३ डॉलर. त्या टाक्यांची संख्या १७ लाखांच्या घरात. निशाणाचं आजचं क्षेत्रफळ धरलं तर चौरस इंचाला जवळपास १२ टाके पडतात. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीलाही हेवा वाटावा अशी ही दाट वीण, आणि दोरा जिथल्या तिथल्या रंगाशी जुळवलेला. त्या काळाच्या समजुतीनुसार याहून चांगलं काम झालं नसतं. १९६४ पासून तीसेक वर्षं निशाण उभं टांगलं गेलं, ते या अस्तराच्या जिवावर.

आणि तरीही ते अस्तर काढावं लागलं. १९९८च्या अखेरीस निशाण भिंतीवरून उतरवून काचेच्या भिंतीच्या प्रयोगशाळेत आडवं ठेवलं गेलं. वर सरकता पूल, त्यावर पोटावर पालथ्या पडलेल्या संवर्धक बायका, हातात बारीक कात्री आणि चिमटा, आणि खाली एक टाका. तो कापायचा, दोरा अलगद उचलायचा, शेजारच्या टाक्याकडे वळायचं. पायदानाएवढा तुकडा मोकळा करायचा तरी हजारो टाके. एका टाक्याला १० सेकंद धरले तरी हिशोब ४,७०० तासांवर जातो. लोकर आणि लिनन हवेतल्या ओलाव्यानं वेगवेगळं फुगतात आणि आकसतात. जिथे दोन कापडं चौरस इंचाला बारा ठिकाणी जखडलेली आहेत, तिथे अशक्त कापड सशक्त अस्तराच्या ओढीनं फाटतं. वर अस्तराचं वजन आणि त्यात अडकलेली धूळ. टाके निघाल्यावर अस्तर उचललं गेलं आणि इतकी वर्षं त्याखाली झाकलेली बाजू उजेडात आली. मग मेकअपच्या मऊ स्पंजानं कोरडा मळ टिपला, ॲसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणानं खोलातला मळ काढला, नासाच्या इन्फ्रारेड तंत्रानं डोळ्यांना न दिसणारी झीज पाहिली. शेवटी पॉलिएस्टरचं अतितलम जाळीवजा कापड मागून आधाराला दिलं. २००८च्या नोव्हेंबरपासून निशाण मंद उजेडात, १० अंश कललेल्या मंचावर पहुडलेलं आहे. फडकणं कायमचं संपलं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही हलके नाहीत. पहिला असा, की एवढा पैसा आणि वेळ घालून गेलेले ८ फूट का जोडले नाहीत, चांदणी का बसवली नाही? पाहायला येणाऱ्याला फाटकं निशाण दाखवण्यात कसला सन्मान? याचं उत्तर वर येऊन गेलं आहे: ती रिकामी जागा हीच या निशाणाची १८१४ नंतरची वही आहे. आजचं कापड लावून ती भरली, तर लढाईची एक प्रतिकृती हाती येईल आणि घराण्याच्या ९० वर्षांचा पुरावा झाकला जाईल. ज्याला अखंड निशाण पाहायचं त्याच्यासाठी त्याच मापाचं नवं शिवता येतं. दुसरा आक्षेप जास्त बोचतो. फाउलरबाईंचे टाकेही तर इतिहासच होते. ११ बायकांची मेहनत कापून काढताना कात्री अडखळली का नाही? आणि आजच्या पॉलिएस्टरला उद्याचे लोक हेच म्हणणार नाहीत कशावरून? म्हणतील, बहुधा म्हणतीलच. फरक इतकाच, की फाउलरबाईंनी आपलं काम कायमचं आहे असं समजून केलं. आजचा संवर्धक आपलं काम कधीतरी निघणार आहे असं धरून करतो, थोडे टाके घालतो, प्रत्येकाची नोंद ठेवतो, काढायला सोपं ठेवतो. ही नम्रता उपदेशातून आलेली नाही. ती आधीचे १७ लाख टाके एकेक करून कापल्यानं आलेली आहे.

म्हणून घरात निशाण सापडलं तर धुऊ नये, इस्त्री करू नये, डिंक लावून फ्रेममध्ये चिकटवू नये, डांबरगोळ्या घालून जुन्याच घड्यांवर पुन्हा दुमडू नये. आजीनं सांगितलेली कथा मात्र लिहून ठेवावी: कुणी सांगितली, कधी, कुणाकडून ऐकलेली. ती लढाईचा पुरावा ठरणार नाही कदाचित, पण घराचा नक्की ठरेल. आर्मिस्टेडांच्या निशाणावर एका पांढऱ्या पट्ट्यावर लाल कापडाची, उलट्या 'व्ही'सारखी एक आकृती शिवलेली आहे. पिकर्सगिलबाईंच्या कामाचा ती भाग नाही. घराण्याच्या सांगण्याप्रमाणे ते आर्मिस्टेड नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर, मधली आडवी रेघ नसलेलं. निशाणाला तिची गरज नव्हती, तिच्यानं ते अधिक टिकलंही नसतं. लाखो टाके उसवणाऱ्या त्या हातांनी हे मूठभर टाके जागच्या जागी राहू दिले. फाउलरबाईंचे टाके कापडाला ओढत होते, हे ओढत नव्हते. आणि निशाण कुणाच्या घरी होतं हे यांच्याइतकं उघड निशाणावर दुसरं काहीच सांगत नव्हतं.