उंदराचा मेंदू आणि बालकाचा मेंदूज्वर : प्राणी-प्रयोगांचा अर्थ कसा लावावा?

पावसाळा सुरू झाला की विदर्भातील ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांच्या मनात मेंदूज्वराची धास्ती असते. सकाळी ज्वर, दुपारी आचके आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू, इतक्या वेगाने हा व्याधी बालकाला ग्रासतो. आयुर्वेदाने शिराची गणना त्रिमर्मांत केली आहे. या मर्माला विषाणूची बाधा झाली असता काय घडते, हे जिवंत रुग्णाच्या मेंदूत पाहणे फार कठीण असते. म्हणूनच आधुनिक संशोधनाने प्राण्यांचा आधार घेतला. प्राण्यात तोच किंवा तत्सम व्याधी मुद्दाम निर्माण करून त्याचा अभ्यास करणे, यास 'प्राणी-प्रतिमान' असे म्हणतात. या प्रतिमानांतून मिळालेले निष्कर्ष आज औषधांच्या माहितीपत्रकांपर्यंत पोहोचत असल्याने त्यांचे योग्य मोल जाणणे वैद्य व औषधनिर्माते या दोघांनाही अगत्याचे आहे.

प्रतिमानांनी काय दिले?

या पद्धतीचे ऋण मोठे आहे. अलर्क विषाच्या अभ्यासात लुई पाश्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूत संसर्ग घडवून तो एका सशातून दुसऱ्यात नेला आणि त्यांचे मज्जारज्जू वाळवून लस सिद्ध केली. १८८५ साली ती प्रथम एका बालकास देण्यात आली. जपानी मेंदूज्वराची आपल्या देशात दीर्घकाळ वापरली गेलेली जुनी लसही उंदरांच्या मेंदूत विषाणू वाढवूनच तयार होत असे. २००६ पासून आपल्याकडे जी जिवंत, क्षीण केलेली लस देण्यात येऊ लागली, तिचा विषाणू उंदराच्या मेंदूस घातक राहिलेला नाही, याची परीक्षाही प्राण्यांवरच झाली.

आपल्या भूमीशी निगडित उदाहरण चांदीपुरा विषाणूचे. १९६५ साली नागपूर परिसरातील ज्वरग्रस्तांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो वेगळा केला. २००३ साली आंध्र प्रदेशातील साथीत नोंदल्या गेलेल्या ३२९ बालकांपैकी १८३ दगावली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले. हा विषाणू प्रौढांना सहसा सोडून बालकांनाच का गाठतो, या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट उंदरात दिसते. नवजात पिलांना त्वचेखाली वा अन्य मार्गाने विषाणू टोचला तरी तो मेंदूपर्यंत पोहोचून ती मरतात. प्रौढ उंदीर मात्र अशा टोचणीतून वाचतात, परंतु तोच विषाणू थेट मेंदूत सोडल्यास तेही मरतात. वयाप्रमाणे बदलते ते मेंदूपर्यंतच्या वाटेवरील संरक्षण; मेंदू स्वतः प्रौढपणीही असुरक्षितच राहतो, असा बोध यातून होतो.

यश कोठे अडते?

चिकित्सेच्या प्रांतात मात्र ही वाट निसरडी होते. मिनोसायक्लिन या परिचित प्रतिजैविकाचे उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात उंदरांना शिरेवाटे जपानी मेंदूज्वराचा प्राणघातक विषाणू देण्यात आला. त्यानंतर २४ तासांनी हे औषध सुरू केले असता उंदरांना पूर्ण संरक्षण मिळाले. मेंदूतील मायक्रोग्लिया पेशींचा क्षोभ घटला, चेतापेशींचा नाश थांबला, विषाणूचे प्रमाणही कमी झाले. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. पुढे लखनौ येथे तीव्र मेंदूज्वराच्या २८१ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली व २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयातील पहिला दिवस ज्यांनी पार केला त्यांच्यात काही लाभाची चिन्हे दिसली; परंतु एकूण मृत्युप्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही.

असे का व्हावे? प्रयोगात संसर्गाची घटका ठाऊक असते आणि लक्षणे उद्भवण्यापूर्वीच औषध सुरू होते. बालकाला डास चावल्यापासून ज्वर येईपर्यंत पाच ते पंधरा दिवस लोटलेले असतात आणि ते आपल्यापुढे येते तेव्हा बहुधा संज्ञाहीन असते. प्रयोगातील उंदीर एकाच वंशाचे, एकाच वयाचे व सुपोषित असतात. आपले रुग्ण तसे नसतात. शिवाय मेंदूज्वराच्या सर्व रुग्णांत एकच विषाणू असतो असेही नाही. क्रियाकाल टळून गेल्यावर योजलेले औषध निष्फळ होते, हे आपणांस शास्त्राने कधीच शिकविले आहे. इंटरफेरॉन, रिबाविरिन व डेक्सामेथासोन यांचाही जपानी मेंदूज्वराच्या रुग्णांवरील चाचण्यांत लाभ दिसला नाही.

आपल्या द्रव्यांविषयी

हीच कसोटी आपण आपल्या द्रव्यांनाही लावली पाहिजे. हळदीतील करक्युमिन जपानी मेंदूज्वराच्या विषाणूस रोधते, हे २००९ साली प्रयोगशाळेत वाढविलेल्या चेतापेशींवर दाखविण्यात आले. तुळशीतही आढळणाऱ्या रोझमॅरिनिक आम्लाने संसर्गित उंदरांचा मृत्यू कमी झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु पेशी म्हणजे उंदीर नव्हे, उंदीर म्हणजे बालक नव्हे आणि पृथक् केलेले शुद्ध द्रव्य म्हणजे तुळशीचा स्वरस वा हळदीचे चूर्ण नव्हे. वेष्टनावर 'मेंदूज्वरावर प्रयोगसिद्ध' असे छापणाऱ्यास या पायऱ्या गाळता येत नाहीत. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात मेंदूचे रोग व विकार समाविष्ट आहेत, हेही औषधनिर्मात्यांनी स्मरणात ठेवावे.

असा शोधनिबंध हाती आला की चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. संसर्ग कोणत्या मार्गाने दिला? औषध लक्षणांपूर्वी दिले की नंतर? द्रव्य कोणत्या स्वरूपात, किती मात्रेत व कोणत्या मार्गाने दिले? आणि पुढे रुग्णांवर चाचणी झाली काय?

चिकित्सालयातील कर्तव्य तर याहून सरळ आहे. ज्वरासह आचके, असंबद्ध बडबड, न उतरणारी ग्लानी किंवा सतत वांती असलेल्या बालकास आपल्या औषधाचा एकही वेग पाहत न बसता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. आचके थांबविणे, श्वासमार्ग मोकळा राखणे, रक्तातील साखर व क्षार सांभाळणे, मेंदूवरील सूज आटोक्यात ठेवणे हेच आजही त्याच्या जीविताचे मुख्य आधार आहेत. ज्या जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस दिली जाते, तेथे आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक मातेस बालकाच्या लसीविषयी विचारावे. डास व वाळूमाशी यांपासून रक्षण, घराच्या भिंतींतील भेगा बुजविणे, मच्छरदाणीचा वापर यांचा उपदेश ज्या विश्वासाने वैद्याकडून ऐकला जातो, त्या विश्वासाने तो क्वचितच अन्य कोणाकडून ऐकला जातो.