कुणाचं, किती, जामीन कोण

वकीलबाईंनी बँकेच्या नोटिसांची पिशवी तशीच बाजूला ठेवली. "या मी नंतर वाचते. घरी मुलांची एखादी लांब वही असेल, ती घेऊन या. आणि वही लिहिताना खोटं लिहू नका."

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी भाचीची अर्धी कोरी भूगोलाची वही आणली. बाईंनी त्यात पट्टीने उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं: कुणाचं, किती, तारण काय, जामीन कोण, कोरे चेक किती. नागपुरात सिव्हिल लाइन्सला त्यांच्या ऑफिसात मी भाऊजींबरोबर पाच-सहा महिने जात होतो. त्या काळात कायद्याची पुस्तकं दोनदाच उघडली गेली, वही मात्र प्रत्येक वेळी.

भाऊजींचं हिंगणा एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशनचं काम होतं. दोन मोठी बिलं अडकली. कॅश क्रेडिटचं व्याज भरायला पतसंस्थेचं कर्ज घेतलं, पतसंस्थेचा हप्ता भरायला मोबाइलवरच्या ॲपचं. वहीत ते असं उतरलं: बँक ३४ लाख, तारण मानेवाड्याचं घर. पतसंस्था ६ लाख, जामीनदार दोन. फायनान्स कंपनी आणि दोन ॲप मिळून साडेतीन लाख, तारण नाही, जामीन नाही. लोखंडवाले शेठ ५ लाख, दोन चेक, पैकी एक परत गेलेला. जीएसटी ८० हजार. एवढं लिहून भाऊजी थांबले.

"हातउसने?" बाईंनी विचारलं.

बराच वेळ गेला. मग त्यांनी खाली लिहिलं: मावशी, पाटल्या.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि पतसंस्थेच्या ओळीतल्या दोन्ही जामीनदारांच्या नावांभोवती गोल काढले. एक भाऊजींचा शाळेपासूनचा मित्र, जिल्हा परिषदेत शिक्षक. दुसरा चुलतभाऊ. तेव्हा मला वाटलं होतं की गोल ३४ लाखांभोवती पडायला हवा होता.

भाऊजींनी मात्र घरूनच ठरवून आणलं होतं. "मॅडम, मी म्हणतो सरळ दिवाळंच काढून टाकू. रोज फोन येऊन राहिले, जीव नको झाला. एकदाचं कोर्टानं म्हणू दे की याच्याजवळ काही नाही."

बाई त्यांना हसल्या नाहीत. कपाटातून त्यांनी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा काढला. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. नागपूरच्या माणसाला हा १९२० चाच लागू. २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली, तिच्यात व्यक्तींसाठी अख्खा भाग आहे. पण तो आजवर कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच सुरू झालाय, १ डिसेंबर २०१९ पासून. भाऊजींचा धंदा एकट्या मालकीचा. बाजूच्या शेडवाल्याची प्रायव्हेट लिमिटेड असल्याने त्याचं प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात जाऊ शकतं. भाऊजींना दार एकच, जिल्हा न्यायालयाचं. तिथे अर्ज करायला देणं किमान ५०० रुपये असावं लागतं. १९२० साली ठरवलेला हा आकडा अजून पुस्तकात तसाच छापलेला आहे, आणि तो वाचताना मला राग आला. नोकरी गेलेल्या, आजारपणात बुडालेल्या साध्या माणसाला नव्याने उभं राहण्यासाठी लिहिलेला संहितेतला तो भाग त्याच्यापर्यंत पोचवायचाच राहून गेलाय.

जुना कायदा काही अगदीच निरुपयोगी नाही. नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय वसुलीचा दावा लावता येत नाही. जे एरवी जप्त होऊ शकत नाही ते नादारीतही जात नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र. न्यायालय मुदत ठरवून देतं, त्या मुदतीत मुक्तीसाठी अर्ज करायचा. मुक्ती मिळाली की बरीचशी देणी संपतात. नादारीचा आदेश राजपत्रात छापला जातो आणि मुक्ती मिळेपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही. भाऊजींना त्याची फिकीर नव्हती.

मग बाईंनी वही पुढे ओढली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. बँकेकडे घर तारण आहे. तारण असलेला धनको नादारीला थांबत नाही, तो आपलं तारण विकू शकतो. जीएसटी सरकारी देणं, ते मुक्तीनंतरही उरतं. परत गेलेल्या चेकचा खटला फौजदारी, तो नादारीने सुटत नाही. ॲप आणि फायनान्सचे साडेतीन लाख, तेवढ्यांना लगाम बसेल.

"आणि हे दोघं," त्या पेन्सिलीच्या गोलांवर टकटक करत म्हणाल्या, "तुम्ही सुटलात तरी हे सुटत नाहीत. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. पतसंस्था सगळे ६ लाख यांच्याकडून घेईल."

भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतलेला होता, त्यात तिघांची नावं होती आणि मित्राच्या पगारातून कपात सुरू झाली होती. हे भाऊजींना माहीत होतं. मित्राने चकार शब्द काढला नव्हता, म्हणून तेही बोलले नव्हते.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "नादारीच्या अर्जात प्रत्येक धनकोचं नाव आणि राहण्याचा पत्ता द्यावा लागतो. म्हणजे तुमच्या मावशींचाही. कोर्टाची नोटीस त्यांच्या दारात जाईल."

त्या दिवशी दिवाळ्याचा विषय संपला. ज्याच्याकडे घर नाही, ज्याला कुणी जामीन राहिलेलं नाही, ज्याचं सगळं देणं कार्ड आणि ॲपचं आहे आणि ज्याच्या कमाईत तडजोडीची रक्कमही बसत नाही, त्या माणसाने नादारीचा विचार जरूर करावा, लाजेपायी टाळू नये, असं बाईंचं मत. ते ऐकल्यापासून माझंही तेच आहे. भाऊजींची वही मात्र तडजोडीकडे बोट दाखवत होती.

तडजोड या शहराला नवी नाही. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना १९३३ मध्ये इथल्या विधिमंडळाने कर्ज तडजोडीचा कायदा केला. ऋणको आणि धनको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून आकडा ठरवायचा, ही त्यातली कल्पना. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते आणि सावकाराचं व्याज फेडणं अशक्य झालं होतं. पुढे पंजाब, बंगाल, मद्रास याच वाटेने गेले.

बँकेपासून सुरुवात केली, कारण तिथे दिवस मोजले जात होते. बँकेला तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याची नोटीस आली की ६० दिवस मिळतात. हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. ते नागपुरातच आहे. एकदा लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो. आणि नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर विकता येत नाही. भाऊजी एका दलालाकडून इसार घेणार होते; बाईंनी वेळीच अडवलं.

एकरकमी परतफेडीचा अर्ज लिहायला दोन तास गेले. बाईंनी त्यातलं 'मी देणे मान्य करतो' हे वाक्य खोडलं, कारण वसुलीच्या दाव्याच्या मुदतीच्या आत दिलेल्या लेखी कबुलीपासून ती मुदत नव्याने मोजली जाते. "सवलत हा तुमचा हक्क नाही," त्यांनी बजावलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिलाय. मग बँकेने ऐकावं कशाला? भाऊजींनी घर ३६ लाखांना घ्यायला तयार असलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाचं लेखी पत्र जोडलं होतं. लिलावात ते घर अठ्ठावीसच्या वर जाणार नाही, हे बँकेलाही दिसत होतं. तीन खेपा झाल्या, फाइल शाखेतून वरच्या कार्यालयात गेली आणि आकडा साडेएकोणतीसवर थांबला. बँकेच्या संमतीने घर विकलं गेलं. ताईने तुळशीची कुंडी तेवढी सोबत नेली.

उरलेल्या रकमेतून पतसंस्था. तिथे बाई स्वतः आल्या. मंजुरीच्या पत्राचा मसुदा व्यवस्थापकांनी पुढे केला: 'कर्जदाराचे खाते तडजोडीने बंद करण्यात येत आहे.' बाईंनी पत्र परत सरकवलं.

"जामीनदारांची नावं कुठे आहेत?"

"मॅडम, खातं बंद म्हणजे सगळंच बंद."

"मग लिहायला काय हरकत आहे?"

पाऊण तास गेला. शेवटी एक ओळ वाढली: दोन्ही जामीनदार सर्व जबाबदारीतून मुक्त, वसुली दाखला निकाली, पगारकपात थांबवण्याचं पत्र संस्था स्वतः देईल. पावणेपाच लाखांत ते मिटलं. त्या पाऊण तासात भाऊजी एकदाही बोलले नाहीत, फक्त ती ओळ टाइप होताना उभे राहिले.

लोखंडवाले शेठ आणि फायनान्स कंपनी राष्ट्रीय लोकअदालतीवर सोपवले. शनिवार होता. न्यायमंदिराच्या आवारात सकाळीच गर्दी. वादपूर्व प्रकरणांच्या टेबलांवर बँकांचे फलक, लोकांच्या हातात घडी पडून मऊ झालेल्या नोटिसा. पॅनेलवर एक न्यायाधीश, एक वकील, एक सामाजिक कार्यकर्त्या. फायनान्स कंपनीचा मुलगा पंचविशीचा असेल. तो दर वेळी कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून टेबलावर फिरवून दाखवायचा, तोंडाने बोलायचा नाही. भाऊजीही तसंच आकडा दाबून परत फिरवायचे. पाच-सहा फेऱ्यांत जमलं, चार हप्त्यांत.

शेठ लगतच्या टेबलावर होते. "मले व्याज नाही पाहिजे बावा, मुद्दल दे," एवढंच म्हणाले. मुद्दल चार लाख निघाली, दहा महिन्यांचे हप्ते पडले. न्यायाधीशांनी सही करण्याआधी भाऊजींना समजावलं की हा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच आहे, यावर अपील नाही, हप्ता चुकला तर थेट अंमलबजावणी होईल. "झेपेल तेवढंच कबूल करा," ते म्हणाले. भाऊजींनी बारा महिने मागितले. मिळाले.

तडजोडीची किंमत नंतर कळते. क्रेडिटच्या नोंदीत खातं 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसतं आणि पुढचा कर्ज देणारा ते आधी वाचतो. ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार शेतीखेरीजच्या कर्जांत तडजोड केलेल्याला तीच बँक किमान १२ महिने नवं कर्ज देत नाही. भाऊजी आता दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर वेल्डिंग करतात. एका ॲपची तडजोड अजून व्हायची आहे. त्या ॲपचा माणूस रात्री नऊला फोन करायचा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, हे भाऊजींनी त्याला शांतपणे सांगितल्यापासून तो दुपारी करतो.

परवा भाड्याच्या घरी गेलो तेव्हा वही खिडकीत होती. मिटलेल्या ओळींवर पट्टीने रेघा मारल्यात, रेघेशेजारी तारीख आणि पावतीचा नंबर. परत मिळालेले कोरे चेक पानाला टाचून ठेवलेत, मधोमध फाडलेले. शेठच्या ओळीसमोर सात बरोबरच्या खुणा आहेत.

मावशींच्या ओळीत 'किती'च्या रकान्यात रुपयांचा आकडा नाही. तिथे भाऊजींनी वजन लिहिलंय, ४ तोळे. त्याखाली पेन्सिलीने एक तारीख आहे आणि पुढे: १ ग्रॅम घेतलं.