दिवा विझवला, रोग तसाच!

“मेस्तरी, परवाच पैसे मोजून आलोय. दिवा परत पेटला की!”

गॅरेजच्या दारात डिझेल जीप उभी करून एक बागायतदार सांगत होते. तीन महिन्यांतली ही चौथी खेप. आधीच्या ठिकाणी दर वेळी स्कॅनर लावून कोड पुसला, एकदा फिल्टर धुतला. आठ-पंधरा दिवस बरे गेले, की डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा पुन्हा हजर. वर कोणी सल्ला दिला, “फिल्टरच काढून टाका.”

म्हातारे मेस्तरी हसले. “मालक, गाडी रोज किती पळते?”

“घर ते मळा, मळा ते डेअरी. चार-पाच किलोमीटर.”

“मग निम्मं दुखणं हितंच हाय.”

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. साठलेली काजळी इंजिन अधूनमधून स्वतःच जाळते. त्यासाठी जादा डिझेल सोडून फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. गाडी चार किलोमीटरवर बंद केली, की जळण अर्धवट राहते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरते.

मेस्तरींनी ऑइलची पट्टी काढली. पातळी खुणेच्या वर आणि वास डिझेलचा! ऑइल कमी होण्याऐवजी वाढते, तेव्हा खुशाल होऊ नये. पातळ ऑइलने इंजिनाचे बेअरिंग जाते.

काजळी येते कोठून?

फिल्टर हा उकिरडा आहे, कचरा करणारा दुसराच असतो. हवेचा फिल्टर तुंबला, टर्बोचा पाइप चिरला, इंजेक्टर गळू लागला किंवा ईजीआर व्हॉल्व्ह अडकला, की काजळी वाढते. या जीपमध्ये टर्बोच्या रबरी पाइपाला क्लिपखाली चीर सापडली. हवा बाहेर जात होती, काजळी वाढत होती आणि फिल्टर लवकर भरत होता. पाइप बदलला, ऑइल बदलले, फिल्टर साफ केला. क्रम महत्त्वाचा : आधी कारण, मग सफाई.

कोड पुसण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. पी २४६३ म्हणजे काजळी साठली, पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. कोड रोगाचे नाव सांगत नाही, फक्त कोठे पाहायचे ते दाखवतो. दाब मोजणाऱ्या सेन्सरची बारीक नळी फुटली किंवा तुंबली तरी चांगला फिल्टर ‘भरला’ असे दिसते. म्हणून नवा फिल्टर घेण्याआधी ती नळी पाहावी. नवा फिल्टर म्हणजे चांगल्या दुभत्या म्हशीचे पैसे!

धुराचा रंगही बोलतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर थांबतच नसेल तर न जळलेले डिझेल किंवा इंजिनात शिरलेले कूलंट. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. पण डीपीएफ असलेल्या गाडीतून काळा धूर येऊ लागला, तर फिल्टर फुटला किंवा कोणी काढला असे समजावे.

एवढे पाळा

आठवड्यातून एकदा गाडी डांबरी रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने पळवा. त्यानंतर लगेच पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. तापलेल्या फिल्टरने आग लागू शकते. ऑइल पुस्तकात लिहिलेले, कमी राखेचेच घाला. काजळी जळते, राख जळत नाही. रॉकेलमिश्रित स्वस्त डिझेलच्या नादी लागू नका.

काही गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. गोणीतला कडुनिंब लावलेला युरिया पाण्यात कालवून ओतल्यास नोझल आणि पुढची महागडी यंत्रणा निकामी होते. खत पिकालाच घाला.

आणि फिल्टर काढायचा सल्ला? तो कायद्यात बसत नाही. शिवाय तो धूर आपल्याच अंगणात, आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

बागायतदार निघाले तेव्हा मेस्तरी एवढेच म्हणाले, “मालक, दिव्यावर रागवू नका. तो राखणदार हाय.”